सर्व हक्क स्वाधीन, पण कधीपर्यंत?

पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक टायपात एक ओळ असते : सर्व हक्क स्वाधीन. हे हक्क म्हणजे कॉपीराइट. कोणाच्या स्वाधीन, ते खाली लिहिलेलं असतं. कधीपर्यंत, ते मात्र कुठेच नसतं. ते कायदा ठरवतो, आणि सीमा ओलांडली की तो बदलतो. लेखकाच्या मृत्यूनंतर चीनमध्ये ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०, मेक्सिकोत १००. त्यामुळे एकच कादंबरी एका देशात कोणीही छापू शकतं आणि दुसऱ्या देशात तीच छापली तर वकिलाची नोटीस येते.

मुदत संपली की कृती पब्लिक डोमेनमध्ये येते. तिच्यावर कोणाचीच मालकी उरत नाही. कोणीही ती छापावी, तिचं भाषांतर करावं, तिच्यावर नाटक बसवावं. ही वेळ केव्हा यावी यावर तीनशे वर्षं वाद चालू आहे. तुम्हाला त्यात बाजू घ्यायची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. तुम्ही करारावर सही करायच्या बेतात असलेले लेखक असाल, आजोबांच्या वह्या हाती आलेले वारस असाल, किंवा ग्रंथालय चालवत असाल.

माझा कल आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना त्याची वजावट करता येईल. मी जुनी पुस्तकं टंकून, तपासून मुक्त ग्रंथसंग्रहांवर चढवणाऱ्यांपैकी आहे. ५० की ७० हा आकड्यांचा वाद मला दुय्यम वाटतो. हक्क आपोआप चालू राहतो, की तो हवा असणाऱ्याला हात वर करून मागावा लागतो, हा खरा प्रश्न.

रिंगणात कोण कोण

पहिला पर्याय लांब मुदतीचा : आयुष्यभर आणि पुढे ७० वर्षं. जर्मनीत हे १९६५ पासून आहे. १९९३ च्या निर्देशाने सगळ्या युरोपीय संघात ते आलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेने ते उचललं. त्यानंतर व्यापारी करारांच्या शेपटीला बांधून ते जगभर फिरलं. जपानने २०१८ च्या ३० डिसेंबरला ५० चे ७० केले, कॅनडाने २०२२ च्या ३० डिसेंबरला. दोन्हीकडे तारीख वर्ष संपायच्या अगदी आधीची, कारण हक्क १ जानेवारीला मोकळे होतात. दोन दिवस उशीर झाला असता तर अख्ख्या वर्षाची पुस्तकं हातातून गेली असती.

दुसरा मधला : मृत्यूनंतर ५० किंवा ६०. बर्न करार, म्हणजे कॉपीराइटवरचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा. त्याच्या १९४८ च्या दुरुस्तीपासून ५० हा सदस्य देशांसाठी किमान आकडा झाला. खाली जायला बंदी, वर जायला मोकळीक. म्हणजे जिना आहे, पण फक्त चढायचा.

तिसरा आज कुठल्याही मोठ्या देशात नाही, तरी या तुलनेत मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : ठरावीक वर्षांची छोटी मुदत आणि नंतर हवं असेल तर नूतनीकरण. १७१० चा इंग्लंडमधला पहिला कायदा असाच होता. १४ वर्षं, आणि लेखक हयात असेल तर आणखी १४. अमेरिकेने १७९० मध्ये तोच नमुना घेतला आणि वाढवत वाढवत १९०९ मध्ये २८ अधिक २८ केला. १९७७ संपेपर्यंत हीच चाल होती, त्यामुळे या पर्यायामागे नुसती कल्पना नाही, तब्बल पावणेदोनशेहून जास्त वर्षांचा अनुभव आहे.

कायमस्वरूपी हक्क हवेत म्हणणारेही अधूनमधून भेटतात. त्यांचा दावा ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने १७७४ मध्ये एका खटल्यात निकालात काढला, तो पुन्हा उठलेला नाही.

पैशाचं गणित

लांब मुदतीच्या बाजूचा पहिला युक्तिवाद साधा आहे. जास्त वर्षं कमाई, म्हणून लिहायला जास्त हुरूप. हे पडताळून बघता येतं.

एक पुस्तक दर वर्षी १०० नाणी मिळवून देतं असं धरा आणि ते कधीच जुनं होत नाही असंही धरा (असं पुस्तक विरळा, पण आपण उदार होऊ). व्याजाचा दर ७ टक्के. उद्या मिळणारं नाणं आजच्या नाण्यापेक्षा कमी मोलाचं असतं, त्या हिशेबाने १४ वर्षांच्या हक्काचं आजचं मोल सुमारे ८७५ नाणी. २८ वर्षांचं १,२१४. ५६ वर्षांचं १,३९६. आता लेखिका पुस्तकानंतर ३० वर्षं जगली असं धरू. मृत्यूनंतर ५० म्हणजे एकूण ८० वर्षं : १,४२२. मृत्यूनंतर ६० : १,४२५. मृत्यूनंतर ७० : १,४२७. आणि हक्क जगाच्या अंतापर्यंत दिला तरी १,४२९.

१४ वरून २८ वर जाताना तिला खरंच काहीतरी मिळतं. ५० वरून ७० वर जाताना मिळतात पाच नाणी. त्या पाच नाण्यांच्या आशेने कोणी रात्र जागवून एक प्रकरण जास्त लिहील यावर माझा विश्वास बसत नाही.

अर्थतज्ज्ञांचाही बसला नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या वाढीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तेव्हा १७ अर्थतज्ज्ञांनी वाढीविरुद्ध निवेदन दिलं. त्यांत पाच नोबेल मानकरी होते. केनेथ अ‍ॅरो आणि मिल्टन फ्रीडमन या एरवी विरुद्ध विचारांच्या दोघांची एका कागदावर सही ही तशी दुर्मीळ गोष्ट. तरीही २००३ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी वाढ कायम ठेवली. संविधान ‘मर्यादित काळ’ म्हणतं, आणि लांब असली तरी मर्यादा ही मर्यादाच. ती शहाणपणाची आहे का हे संसदेने बघावं, असा एकूण सूर होता.

मग एवढी वाढ हवी कोणाला? गणितातच उत्तर आहे. नव्या पुस्तकाला २० वर्षं म्हणजे पाच नाणी. पण ज्याचं ७० वर्षांपूर्वीचं पुस्तक, गाणं किंवा चित्रपट आजही खपतोय आणि ज्याची मुदत येत्या डिसेंबरात संपतेय, त्याच्यासाठी तीच २० वर्षं म्हणजे पुढच्या २० वर्षांची रोकड. लॉबिंग करायला तोच जातो. वाढ जुन्या कृतींनाही लागू करायची हा आग्रह म्हणूनच असतो. मेलेल्या लेखकाला आणखी लिहिण्याचा हुरूप कसा द्यायचा, ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

एवढं लिहून लांब मुदतवाल्यांना निकालात काढणं मात्र अन्याय होईल. त्यांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण म्हणजे उशिरा मिळालेली कीर्ती. हर्मन मेलव्हिलचं ‘मोबी-डिक’ १८५१ चं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात २८ अधिक १४, म्हणजे १८९३ नंतर त्यावर काही हक्क उरणं शक्यच नव्हतं. मेलव्हिल १८९१ मध्ये जवळजवळ विस्मृतीत वारला आणि जगाला ही कादंबरी खऱ्या अर्थाने सापडली ती १९२० च्या दशकात. पुढे जो पैसा झाला त्यातलं त्याच्या कुटुंबाला या हक्कापोटी काही मिळायचं नव्हतं. छोट्या मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्याकडे याला चांगलं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. एवढंच म्हणेन, की अशा एका मेलव्हिलमागे हजारो पुस्तकं उभी असतात, आणि त्यांची अडचण वेगळी असते.

विसरलेली पुस्तकं

वाद नेहमी प्रसिद्ध कृतींवरून होतो. १९२८ च्या लघुपटातला मिकी माऊस २०२४ मध्ये अमेरिकेत मोकळा झाला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पण प्रसिद्ध कृती हक्काच्या काळातही मिळतेच. तिची फक्त किंमत मोजावी लागते. लांब मुदतीची खरी झळ ज्यांचं नाव कोणी घेत नाही अशा पुस्तकांना बसते.

नूतनीकरणाच्या काळातला अमेरिकेचा एक आकडा मला फार बोलका वाटतो. २८ वर्षं संपल्यावर अर्ज करून, किरकोळ शुल्क भरून हक्क दुप्पट करता येत होते. १९६० च्या सुमाराला कॉपीराइट कार्यालयानेच पाहणी केली, तेव्हा नोंदणी झालेल्यांपैकी १५ टक्क्यांहून कमी कृतींचं नूतनीकरण होत होतं. पुस्तकांत तर सुमारे ७ टक्के. बाकीच्यांच्या मालकांना ते शुल्कही वसूल होण्याची आशा नव्हती, किंवा त्यांना आठवणच राहिली नाही. ही पुस्तकं २८ वर्षांत मोकळी होत. आज तशीच पुस्तकं, तितकीच विसरलेली, शतकभर कुलपात राहतात आणि किल्ली कोणाकडे आहे ते कुलूपवाल्यालाही ठाऊक नसतं.

पॉल हील्ड या अमेरिकी अभ्यासकाने अ‍ॅमेझॉनवर नवी प्रत म्हणून विकायला असलेल्या पुस्तकांचा नमुना घेतला. मूळ प्रकाशन १८५० च्या दशकातलं असलेली पुस्तकं १९५० च्या दशकातल्या पुस्तकांच्या तिप्पट निघाली. हक्क असला की मालक पुस्तक बाजारात ठेवतो, ही समजूत त्याने उलटीपालटी होते. हक्क असला आणि खप नसला, की पुस्तक छापलं जात नाही आणि दुसऱ्याला छापूही दिलं जात नाही.

माझ्या टेबलावर अशी पुस्तकं येतात. एकदा प्रवासवर्णनांचं एक छोटेखानी पुस्तक आलं : लेखकाचं नाव आहे, जन्मसाल नाही, प्रकाशन संस्था बंद पडलेली, छापखान्याचा पत्ता आहे तो छापखाना नाही. लेखक ज्या वर्षी वारला त्यात ६० मिळवायचे. पण वारला केव्हा? मी सहा महिने पत्रं लिहिली. शेवटी पुस्तक परत कपाटात गेलं. कोणी नाही म्हटलं नव्हतं, हो म्हणायलाच कोणी नव्हतं. अशा कृतींना ‘अनाथ’ म्हणतात. युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा निर्देश काढला. काळजीपूर्वक शोध घ्या, नोंद करा, मग ग्रंथालयाने वापरा. एका पुस्तकासाठी हे जमतं. दहा हजारांसाठी कोण करणार?

चित्रपटांचं तर दुखणं आणखी निराळं. जुनी नायट्रेट फिल्म सडते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार तिथले सुमारे ७० टक्के पूर्ण लांबीचे मूकपट कायमचे गेले आहेत. त्याचा सगळा दोष कॉपीराइटच्या माथी मारता येणार नाही. आगी लागल्या, स्टुडिओंनी रिळं फेकून दिली. पण मालक नक्की कोण हे कळत नसेल, तर उरलेलं वाचवायला पैसे घालणारा कचरतोच.

आणि उलट घडलेलं एक उदाहरण. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा १९४६ चा अमेरिकी चित्रपट तिकीटबारीवर बेताचाच चालला. १९७४ मध्ये नूतनीकरण करायचं राहून गेलं. वाहिन्यांना फुकट मिळतो म्हटल्यावर त्यांनी तो दर नाताळात दाखवायचा सपाटा लावला, आणि त्या सपाट्याने तो घराघरातला चित्रपट झाला. पुढे १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीत यांच्या हक्कांवरून त्याला पुन्हा लगाम घातला गेला, तो त्याला किंमत आल्यावर.

या कसोटीवर तिसरा पर्याय बाकी दोघांना कितीतरी मागे टाकतो. ६० आणि ७० मध्ये इथे नाव घेण्याजोगा फरक नाही. विसरलेल्या पुस्तकाला दोन्ही सारखेच.

वारसांच्या हाती

लेखक गेल्यावर हक्क वारसांकडे जातात, आणि वारस म्हणजे कृतीचे रखवालदार असं आपण गृहीत धरतो. कधी असतात, कधी नसतात.

१८४१ मध्ये ब्रिटिश संसदेत मृत्यूनंतर ६० वर्षांचं विधेयक आलं. त्याला विरोध करायला उभा राहिला तो मेकॉले. आपल्याकडे हे नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं, पण कॉपीराइटवरचं त्याचं भाषण आजही वाचण्यासारखं आहे. लेखकांना बिदागी मिळावी म्हणून वाचकांवर बसवलेला कर, ही त्याची व्याख्या. कर आवश्यक आहे, पण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नको. १७८४ मध्ये वारलेल्या कोशकार सॅम्युएल जॉन्सनचे हक्क आज कुणा पुस्तकविक्याच्या हाती असते, तर त्या कल्पनेने जॉन्सनला हयातीत एक तरी दुखणं हलकं वाटलं असतं का, असं त्याने विचारलं. बॉसवेलने लिहिलेलं जॉन्सनचरित्र बॉसवेलच्याच थोरल्या मुलाला घराण्याची अब्रू घालवणारं वाटत असे, हक्क त्याच्याकडे असते तर ते दडपलं गेलं असतं, हेही त्याने सांगितलं. आणि एक भाकीत केलं : मुदत फार ताणलीत तर लोकांच्या मनातून कायद्याचा मान जाईल आणि आज ज्याला चोर म्हणतात तो प्रतिष्ठित होईल. विधेयक पडलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली ती ४२ वर्षांवर किंवा मृत्यूनंतर सात वर्षांवर, यांतलं जे जास्त ते.

बॉसवेलच्या मुलाबद्दलची ही भीती काल्पनिक होती. विसाव्या शतकात तसं प्रत्यक्ष दिसलं. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसच्या नातवाने अभ्यासकांना अवतरणं वापरायला नकार देण्याबद्दल नाव कमावलं आणि एका अमेरिकी प्राध्यापिकेला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. जॉइस वारला १९४१ मध्ये, म्हणजे युरोपात अनेक ठिकाणी १९९२ च्या पहिल्या दिवशी मोकळा झाला होता. पण १९९५ मध्ये ७० वर्षांचा नियम मागे जाऊन लागू झाला आणि त्याचे हक्क २०११ अखेरपर्यंत जिवंत झाले. मोकळ्या जॉइसच्या भरवशावर ज्यांनी आवृत्त्यांची तयारी केली होती, त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली.

हिटलरच्या आत्मचरित्राचे हक्क जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याकडे होते आणि ते छपाई नाकारण्यासाठीच वापरले गेले. २०१५ अखेर मुदत संपली आणि जानेवारी २०१६ मध्ये म्युनिचच्या इतिहास संस्थेने हजारो टीपांसह चिकित्सक आवृत्ती काढली. मला ते पुस्तक कुलपात असण्यापेक्षा त्या टीपांच्या वेढ्यात असलेलं बरं वाटतं. तुम्हाला उलट वाटू शकतं; पण नको असलेलं साहित्य दाबून ठेवणं हे कॉपीराइटचं काम आहे का, एवढं स्वतःला विचारा.

दुसऱ्या पारड्यात दोन उदाहरणं आहेत. दोन्हींत कारण भलं होतं आणि उत्तरं मात्र अगदी वेगळी निघाली. जे. एम. बॅरीने १९२९ मध्ये ‘पीटर पॅन’चे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला दिले. बॅरी १९३७ मध्ये वारला, हक्क १९८७ अखेर संपले. ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात फक्त त्या रुग्णालयासाठी अपवाद केला. त्यांना रॉयल्टी कायम मिळेल, पण कोणाला अडवता येणार नाही. इकडे रवींद्रनाथ ठाकूर ७ ऑगस्ट १९४१ ला गेले. त्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि १९९१ अखेर संपत होते. भारताने २८ डिसेंबर १९९१ पासून ५० चे ६० केले. उरले होते चार दिवस. एका संस्थेचं उत्पन्न राखायला देशातल्या एकूण एक लेखकांची, त्यांतल्या हजारो विस्मृतांची, मुदत दहा वर्षांनी वाढली. ब्रिटनने एका रुग्णाला औषध दिलं. भारताने गावच्या विहिरीत टाकलं.

‘हक्क संपले की कोणीही विद्रूप करेल’ ही भीतीही वारसांकडून ऐकू येते. ती अनाठायी नाही, पण ती मुदतीने सुटत नाही. लेखकाचं नाव आणि कृतीची अखंडता जपणारा नैतिक हक्क हा वेगळाच असतो. फ्रान्समध्ये तो कधीच संपत नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या वंशजाने ‘ले मिझराब्ल’च्या पुढच्या भागांवर त्याच आधाराने दावा लावला, आणि २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुढचा भाग लिहिणं हे आपोआप विद्रूपीकरण होत नाही. स्वतः ह्यूगोचं म्हणणं तर असं होतं, की लेखक गेल्यावर कोणीही छापावं, वारसांना थोडी रक्कम द्यावी. या ‘सशुल्क पब्लिक डोमेन’चं एक रूप अर्जेंटिनात चालतं, तिथे रक्कम कलानिधीत जाते. कल्पना गोंडस आहे. पण ज्यातून पैसा निघत नाही अशा आमच्या कामावरही पावती फाडली जाणार असेल, तर मला ती नको.

मोजायला सोपं कोण?

इथे निकाल झटपट लागतो. प्रकाशनवर्षापासून मोजणं सोपं, कारण ते पुस्तकावरच छापलेलं असतं. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या प्रकाशित पुस्तकांना प्रकाशनापासून कमाल ९५ वर्षं आहेत. १९३० सालची सगळी पुस्तकं १ जानेवारी २०२६ ला मोकळी, हिशेब संपला. मृत्यूपासून मोजायचं तर मृत्यूची तारीख हवी, सहलेखक असतील तर शेवटी वारलेल्याची. अ‍ॅन फ्रँक १९४५ मध्ये नाझी छळछावणीत वारली. २०१६ उजाडताना तिची डायरी मोकळी झाली असं अनेकांनी मानलं, पण हक्कधारक संस्थेने तिच्या वडिलांचा संपादनातला वाटा आणि मरणोत्तर प्रकाशनाचे नियम पुढे केले. अमेरिकेत तर तिचे हक्क २०४२ पर्यंत आहेत. आणि हेही विसरू नये, की भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा. मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणून त्याचं काल-परवाचं भाषांतर मोकळं होत नाही. या एका गैरसमजापायी आमच्याकडची कित्येक पुस्तकं चढवून परत उतरवावी लागतात.

मग तिसरा पर्याय का नाही?

बर्न करार औपचारिकतेवर हक्क अवलंबून ठेवू देत नाही. नोंदणी नाही म्हणून हक्क नाही, असं म्हणायची सोय नाही. त्यामागे कारणही होतं : परदेशी लेखकाने देशोदेशी अर्ज करत फिरावं का? कागदोपत्री चूक झाली म्हणून गरीब लेखकाने हक्क गमवावा का? नूतनीकरणाच्या जमान्यात असे लेखक खरोखर होते, आणि मोठ्या प्रकाशकाचा कारकून मात्र तारीख कधी चुकत नसे. हा आक्षेप मला गंभीर वाटतो.

म्हणून आजच्या घडीला करता येण्याजोगा मार्ग मिश्र आहे. कराराचं किमान ५० वर्षांचं आपोआप द्यावं. त्यापुढची वर्षं मागितली तरच. २०१३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या तेव्हाच्या प्रमुख मारिया पलांटे यांनी हेच सुचवलं होतं, की शेवटच्या २० वर्षांसाठी वारसांनी नोंद करावी. त्याआधी २००३ मध्ये प्रकाशनानंतर ५० वर्षांनी एक डॉलर भरायचं विधेयक तिथे आलं होतं. एक डॉलर. तेही बारगळलं. ज्याला आपल्या मालमत्तेसाठी एक डॉलर आणि एक अर्ज जड जातो, त्याला ती खरंच हवी आहे का?

तेव्हा तुमच्या देशात ५० किंवा ६० असतील आणि ७० चा प्रस्ताव आला, तर विरोध करा असं मी सांगेन; वाढ टळणारच नसेल तर निदान ती नोंदणीवर द्या असं म्हणा. ७० आधीच असतील, तर खाली येण्याची आशा कमी. जपानमध्ये १९९७ पासून हजारो मुक्त पुस्तकं जमवणाऱ्या आओझोरा बुंको या संग्रहाने वर्षानुवर्षं विरोध केला, तरी मुदत वाढलीच. १९७० मध्ये वारलेला कादंबरीकार युकिओ मिशिमा २०२१ ऐवजी आता २०४१ मध्ये मोकळा होईल.

स्वतःपुरतं ठरवायचं असेल तर

कायद्याने दिलेली मुदत ही कमाल असते. ती पुरी वापरायची सक्ती नाही. लेखक हयात असतानाही आपलं काम खुलं करू शकतो. नाव राहू दे आणि बाकी काहीही करा, असं म्हणायचं असेल तर मुक्त वापराचे तयार परवाने देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेचा ‘बाय’ परवाना. धंद्यासाठी वापर नको असेल तर ‘बाय-एनसी’. काहीच अट नको असेल तर सीसी-झीरो. ‘एनसी’ निवडताना थोडं थांबा. विसरलेलं पुस्तक पुन्हा छापणाराही चार पैसे मिळवायलाच छापतो, आणि त्या दोन अक्षरांनी तोही अडतो. हक्क पूर्ण सोडून देणं सगळीकडे सारखं चालत नाही : भारतीय कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लेखकाला हक्क सोडता येतो, जर्मनीत लेखकाचा हक्क मुळात दुसऱ्याला देताच येत नाही, फक्त वापराची परवानगी देता येते.

लिखाणावर पोट असेल तर यातलं काहीही आज करू नका. पहिली १५-२० वर्षं कमाईची. वरचं नाण्यांचं गणितही तेच सांगतं. त्यापेक्षा करार नीट वाचा. मुदतीच्या वादात लेखकाचं नाव पुढे केलं जातं, पण हक्क लेखकाकडे उरलेलाच नसेल तर ५० काय आणि ७० काय. सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांनी १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. त्यानंतर मुदत जितकी वाढली तितकी ती कंपनीसाठी वाढली. अमेरिकेत आता ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याची तरतूद आहे. इतरत्र ते कलम तुम्हालाच करारात घालून घ्यावं लागतं : पुस्तक दोन वर्षं बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क लेखकाकडे परत.

वारस असाल तर आधी घरातल्यांची यादी करा. तीन भावंडांत हक्क वाटले गेले असतील, तर एकाची सही पुरत नाही. मग पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत, त्या ‘सर्व हक्क स्वाधीन’च्या खाली, लेखकाच्या मृत्यूचं साल आणि परवानगीसाठी एक चालू पत्ता तेवढा छापा. माझे ते सहा महिने वाचले असते.